नम्रता की भीती? एका तरुण पाळकांच्या प्रश्नाला उत्तर

बीड जिल्ह्यातील एका पास्टरेटमध्ये, म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेल्या मंडळीच्या क्षेत्रात, सेवा करणाऱ्या तरुण पाळकांनी हा प्रश्न विचारला आहे. छत्रपती संभाजीनगर शहरातील एका मोठ्या मंडळीची जबाबदारी त्यांच्यावर सोपवण्याचा विचार धर्मप्रांतात (बिशपांच्या अधिकारक्षेत्रात) चालू आहे. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी आपल्या क्षेत्रातील गावांमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनासभा सुरू केल्या. त्या काही आठवड्यांतच बंद पडल्या, रविवारची उपस्थिती घटली आणि कमिटीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी ‘आधीच्या पाळकसाहेबांच्या वेळी असं नव्हतं’ असे सर्वांसमोर ऐकवले. तेव्हापासून उपदेशाला उभे राहिले की त्यांच्या तोंडाला कोरड पडते. आपण या पदाला योग्य नाही असे नम्रपणे कळवून बदली नाकारावी काय, आणि सेवकाच्या मनातील अपयशाची भीती जाते तरी कशी, असे ते विचारतात.

बंधू, सलाम. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांच्या आणि शहरांच्या मंडळ्यांत हयात घालवून आता निवृत्त झालेला एक पाळक म्हणून मी लिहीत आहे, त्यामुळे जे लिहीन ते थोडे स्पष्ट असेल. तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत असे वरवर दिसते. मला मात्र तो एकच प्रश्न वाटतो. तुमच्या पत्रात जिला नम्रता म्हटले आहे तिचा बराचसा भाग भीतीचाच आहे, आणि हे ओळखता येण्यासारखे आहे. स्वतःला एवढेच विचारा: शहरातील मंडळीत मी कमी पडलो तरी ते कोणाच्याही कानावर जाणार नाही अशी खात्री कोणी दिली, तर मी ही जबाबदारी घेईन काय? उत्तर ‘होय’ आले, तर तुम्हाला अडवणारी गोष्ट अपात्रता नसून नामुष्कीची धास्ती आहे.

बायबलमधील शौल राजाची कथा आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो, पण ती सलग वाचण्याची सवय आपल्याला कमी आहे. राजा म्हणून त्याचे नाव निघाले तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता. आपले उपदेशक या प्रसंगाला शौलाच्या सुरुवातीच्या नम्रतेचा पुरावा मानतात आणि पुढे तो गर्विष्ठ झाला असे सांगतात. पहिल्या शमुवेलाचा पंधरावा अध्याय वाचल्यावर मला ही मांडणी पटत नाही. त्या एकाच अध्यायात शौल स्वतःसाठी स्मारक उभारतो, देवाची आज्ञा मोडल्याचे कारण विचारले असता आपण लोकांना भ्यालो असे कबूल करतो, आणि कबुली देऊन झाल्यावर शमुवेल संदेष्ट्याला विनवतो की निदान लोकांच्या वडील मंडळींसमोर तरी माझा मान राख. सामानात लपणारा, स्मारक उभारणारा आणि लोकांना भिणारा हे तीन निरनिराळे शौल नाहीत. लोकांच्या नजरेत आपण कसे दिसतो, याच एका काळजीने तो आधी लपला आणि मग मिरवला. म्हणून मी असे मानतो की सेवकाचा गर्व आणि सेवकाची अपयशाची भीती यांचे मूळ एक आहे, आणि एकाला हात न लावता दुसरे उपटता येत नाही.

याच्या शेजारी मोशेला ठेवून पाहा. जळत्या झुडपापाशी तो एकामागून एक सबबी सांगतो: मी कोण, लोक विश्वास ठेवणार नाहीत, मला बोलता येत नाही, आणि शेवटी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. या शेवटच्या वाक्यावर देवाचा राग भडकला असे निर्गमाच्या चौथ्या अध्यायात लिहिले आहे. त्या ठिकाणी शास्त्र मोशेला नम्र म्हणत नाही. पृथ्वीवरील सर्व माणसांपेक्षा तो नम्र होता हे विधान बऱ्याच पुढे, गणनेच्या बाराव्या अध्यायात येते. त्या वेळी त्याची सख्खी भावंडे मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलत आहेत, तो स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही काढत नाही आणि मिर्यामेला कोड फुटल्यावर तिच्यासाठी आरोळी मारून प्रार्थना करतो. त्याच्या आदल्याच अध्यायात एलदाद व मेदाद छावणीत संदेश देऊ लागतात, तरुण यहोशवा त्यांना थांबवायला सांगतो, आणि मोशे म्हणतो की परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले असते तर किती बरे झाले असते. जबाबदारी टाळत असताना मोशे नम्र नव्हता. जबाबदारी पूर्ण अंगावर घेतल्यानंतर, टीका सोसताना आणि आपले काम दुसऱ्यांच्याही हातून होताना पाहून आनंद मानताना तो नम्र ठरला. तुम्ही ज्या क्रमाने विचार करत आहात त्याच्या हा क्रम उलटा आहे.

आता आपल्या भागाविषयी, कारण ही भीती सगळीकडे सारखी नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि प्रभूकडे आलेल्यांपैकी पुष्कळ कुटुंबे गावकुसाबाहेरची होती. अशा कुटुंबांसाठी पाळक हा केवळ उपदेश करणारा नव्हता. तो अर्ज लिहून देणारा, मुलांना बोर्डिंगात घालणारा, तहसिलीत आपल्या वतीने बोलणारा आणि दुष्काळात धान्य मिळवून देणारा माणूस होता. त्या काळी त्याची गरजही होती. पण त्यातून ‘साहेब’ नावाची एक उंच खुर्ची तयार झाली, आणि मिशनरी गेल्यानंतर ती आपण मोडली नाही. आपणच तिच्यावर बसलो. तुम्हाला वाटणारी भीती काही अंशी या खुर्चीची आहे. साहेब चुकत नसतो, साहेबाला सगळे ठाऊक असते, साहेबाची सभा रिकामी जात नसते, असे मंडळीने आणि आपण मिळून ठरवून ठेवले आहे. त्यात आपला समाज इतका विरळ, की धारूरला कमिटीत आवाज चढला तर रात्री जेवणाआधी उदगीरच्या आणि वसमतच्या नातलगांना व्हॉट्सॲपवर त्याची बातमी पोहोचलेली असते. शेजारच्या गल्लीत की-बोर्ड आणि मोठे स्पीकर लावून नवी स्वतंत्र मंडळी सुरू होते व आपले चार तरुण तिकडे जातात, त्याचा सल वेगळाच.

इथे आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण नम्रतेवरील पुष्कळ उपदेशांत ती गळून जाते. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना पिढ्यान्‌पिढ्या वाकायला लावले गेले होते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला आणि नामविस्तार व्हायला १९९४ उजाडले. त्या मधल्या वर्षांत घरे जळताना पाहिलेल्या प्रदेशात स्वाभिमान हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. अशा लोकांना ‘नम्र व्हा’ असे नुसते सांगितले तर ते ‘पुन्हा खाली बसा’ असेच ऐकू येते. योहानाच्या तेराव्या अध्यायाची सुरुवात म्हणून मोलाची आहे. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू भोजनावरून उठला आणि कंबरेला रुमाल बांधून तो शिष्यांचे पाय धुऊ लागला, असे तिथे लिहिले आहे. आपण कोण आहोत याची खात्री आधी आहे, पाय धुणे नंतर आहे. ज्याला ही खात्री नाही तो पाय धुतो तेही कोणीतरी चांगले म्हणावे म्हणून. तेव्हा कमिटीतील त्या ज्येष्ठांसमोर तुम्ही मान खाली घालून बसलात ती नम्रता होती की लाचारी, हे तुमचे तुम्हालाच तपासावे लागेल. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

आता ज्याला तुम्ही अपयश म्हणता त्याच्याकडे पाहू. तुमच्या पत्रात एक तारीख आहे: दिवाळीनंतर. बीड जिल्ह्यात सेवा करणाऱ्याने त्या तारखेपाशी थांबायला हवे होते. दसरा-दिवाळीपासून पुढे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले जोडपे थांबू शकत नाही, आणि पुष्कळदा मुलेही बरोबर जातात. तुमच्या गावांतील किती कुटुंबे अशी जातात याची नोंद उपस्थितीच्या वहीशेजारी ठेवून पाहा. सभा बंद पडण्यामागे तुमचा उपदेश किती, वेळेची निवड किती आणि उचल किती, हे त्यावरून बऱ्यापैकी उलगडेल. आधीच्या पाळकसाहेबांच्या वेळचे आकडेही त्याच वहीत असणार. ते कोणत्या महिन्याचे आहेत ते बघा. त्या ज्येष्ठांना उत्तर देण्यासाठी हे करायचे नाही. घाबरलेला माणूस नेहमी ‘सगळंच फसलं’ असे म्हणतो, आणि ‘सगळंच’ या शब्दावर काहीच उपाय करता येत नाही, म्हणून करायचे. नेमके काय फसले हे कळले की त्यातील एखादी गोष्ट तुमची निघेल, आणि ती सुधारता येईल. कोणी सांगावे, पुढच्या हंगामात सभा गावात न घेता थळावर, म्हणजे मजुरांच्या मुक्कामाच्या जागी, त्यांच्या कोप्यांपाशी घ्यावी असेही तुम्हाला सुचेल.

शास्त्र सेवकांची अपयशे झाकत नाही, हेही विसरू नका. आधीच्या प्रवासात मध्येच सोडून गेलेल्या योहान मार्काला पुन्हा बरोबर घ्यावे असे बर्णबा म्हणत होता, पौलाला ते मान्य नव्हते, आणि त्यावरून दोघांत इतका तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे; त्याच मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे पौल आयुष्याच्या शेवटी तीमथ्याला लिहितो. अंत्युखियात पेत्र लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष सुनावले, तेही लिहून ठेवले आहे. पुढे वडिलांना पत्र लिहिताना पेत्र स्वतःला ‘सोबतीचा वडील’ म्हणवतो आणि कळपावर धनीपण करू नका असे बजावतो. मार्काचा मला विशेष विचार येतो, कारण आपल्या धर्मप्रांतांत एकदा ‘हा टिकला नाही’ असा शिक्का बसलेल्या उमेदवाराला दुसरी संधी देणारा बर्णबा सहसा भेटत नाही.

आपल्या मराठी मंडळीतील उदाहरण घ्यायचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घ्यावे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांनी तिथे एकत्र यावे ही त्यांची मोठी आकांक्षा होती. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि दरबार त्यांनी कल्पिला होता तसा फोफावला नाही. कार्यक्रमाच्या यशापयशाने मोजले तर हा प्रयत्न फसला असेच अहवालात लिहावे लागेल. त्यांची गीते मात्र आज परभणीपासून पालघरपर्यंत ‘उपासना संगीत’ उघडून दर रविवारी गायली जातात. कशाचे पीक येईल हे पेरणाऱ्याला आधी कळत नाही. मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली, असे पौलाने करिंथकरांना लिहिले ते याच अर्थाने. आणि पुढच्याच अध्यायात तो म्हणतो की तुम्ही माझा न्याय करावा याचे मला फारसे वाटत नाही, मी स्वतःदेखील माझा न्याय करत नाही. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे लक्ष द्या. लोकांच्या मताची पर्वा न करणारे पुष्कळ असतात आणि त्यांतले बरेच उद्धट असतात. स्वतःच्याच मनातल्या न्यायाधीशाला खुर्चीवरून उठवणे ही अवघड गोष्ट आहे, आणि भीती तिथेच सैल होते.

परंतु सर्वच अपयशांना हे बोल लागू करू नयेत. सभा फसणे निराळे आणि दानार्पणाच्या पैशाचा हिशेब न लागणे निराळे. मुलांच्या व स्त्रियांच्या सुरक्षिततेत झालेली हयगय, विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडणे, मंडळीच्या जमिनीचा परस्पर व्यवहार करणे, या गोष्टींची भीती बाळगलीच पाहिजे, आणि त्या घडल्या तर चौकशीला सामोरे गेले पाहिजे. ‘प्रभूने क्षमा केली आहे’ असे म्हणून चौकशी मिटवणाऱ्या पुढाऱ्यांची नम्रता मला कधी समजली नाही.

भीती जाते कशी, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. प्रार्थनेने जाते हे खरे, पण प्रार्थनेबरोबर काही सवयी लागतात, आणि त्यांतील सर्वांत परिणामकारक सवय अगदी रूक्ष आहे: तपासले जाण्याची. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा आहे आणि त्याखाली नोंदलेल्या न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावाच लागतो; परंतु मी त्याविषयी बोलत नाही. दर तिमाहीला जमाखर्च उपासनेनंतर मंडळीसमोर सोप्या मराठीत वाचून दाखवावा, खजिनदाराला बाजूला उभे करावे आणि प्रश्न विचारू द्यावेत. पहिल्या वेळी पोटात गोळा येतो. नंतर असे दिसते की प्रश्न विचारणारा माणूस शत्रू नसतो, आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही उरले नाही त्याला भिण्यासारखेही फारसे उरत नाही.

उपदेशाचेही असेच आहे. महिन्यातून एक रविवार दुसऱ्याला द्या, आणि त्या दिवशी पुढे न बसता मंडळीत बसून ऐका. महिला संघातील एखाद्या समंजस ताईंना सांगून ठेवा की उपदेशातील कोणता भाग कळला नाही ते मला सोमवारी सांगा. त्या सांगतील ते ऐकताना मध्ये खुलासा करू नका. खुलासा करण्याची ऊर्मी दाबणे हाच नम्रतेचा खरा व्यायाम आहे, असे म्हटले तरी चालेल. एखादा नवा उपक्रम सुरू करताना तो कधी संपणार हेही आधीच जाहीर करा: उपवासकाळापुरता, किंवा ऊसतोडीहून लोक परतल्यापासून पेरणीपर्यंत. मुदतीचा उपक्रम संपतो. बिनमुदतीचा उपक्रम ‘बंद पडतो’. आणि आधीचे पाळकसाहेब हयात असतील तर त्यांच्याकडे एकदा जाऊन बसा. त्यांच्या काळात काय चालले नाही, हे विचारा. काय चालले ते तुम्हाला कमिटीने सांगितलेच आहे.

एक सवय मात्र सोडा. आपल्याकडे पाळक बोलायला उभे राहिले की ‘मी तर प्रभूचा तुच्छ सेवक, माझी काय योग्यता’ अशी प्रस्तावना करतात. ऐकणाऱ्याला लगेच ‘नाही नाही, साहेब’ म्हणावे लागते, आणि तेवढ्यासाठीच ती प्रस्तावना असते. थेट वचनापासून सुरुवात करावी.

यावर कोणी म्हणेल की एवढे सगळे एकट्या पाळकाने कसे पेलायचे. एकट्याने पेलायचे नाहीच. १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन आपली उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा तिच्यात बिशपांची परंपरा होती तशी वडीलसभेची आणि स्थानिक मंडळीच्या अधिकाराचीही होती. म्हणून आपल्याकडे निवडून आलेली पास्टरेट कमिटी आहे, धर्मप्रांताची सभा आहे आणि बिशपही आहेत. या रचनेत यश एकट्याचे नसते, आणि अपयशही एकट्याच्या माथी मारता येत नाही. मोशेचा सासरा इथ्रो याने त्याला सांगितले होते की तू एकटाच सर्वांचा न्याय करत बसलास तर तूही थकशील आणि लोकही थकतील. दुर्दैवाने आपले पुष्कळ पाळक कमिटीला सही करणारी मंडळी समजतात आणि मग अडचणीच्या वेळी आपल्याबरोबर कोणी नाही म्हणून कष्टी होतात.

आता बदलीविषयी. सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमचा बिशप झालेला ग्रेगरी स्वतः ते पद टाळू पाहत होता, आणि पाळकीय सेवेविषयी लिहिताना त्याने म्हटले आहे की देवाची इच्छा कळल्यावरही नकार देत राहणारी नम्रता खरी नव्हे. पण देवाची इच्छा आणि धर्मप्रांताच्या कार्यालयातील यादी ह्या दरवेळी एकच असतात असे मी म्हणणार नाही. तुम्ही नाकारूही शकता. मुलांची शाळा, घरातील आजारपण, सुरू असलेल्या कामाला आणखी एक वर्ष देण्याची गरज, ही सांगण्यासारखी कारणे आहेत आणि ती तशीच सांगावीत. ‘मी योग्य नाही’ हे कारण मात्र लिहू नका, कारण योग्यता ठरवण्याचे काम तुमचे नाही. ज्यांनी तुमची पारख करून तुमच्यावर हात ठेवले त्यांचे ते आहे. बिशपसाहेबांना भेटायला जाताना विशेषणे घरी ठेवा. उपस्थितीची वही न्या, कोणत्या सभा का थांबल्या ते सांगा, कमिटीत काय बोलले गेले तेही सांगा, उपदेशाला उभे राहताना तोंड कोरडे पडते हेही लपवू नका, आणि मग विचारा की हे सर्व जाणूनही आपण मला पाठवू इच्छिता काय. त्यांनी होय म्हटले तर जा. घरी पत्नीशी मात्र त्याआधी बोला. पाळकाच्या बदलीत मंडळीचा अर्ध्याहून अधिक भार त्यांच्यावर पडतो आणि यादीत त्यांचे नाव नसते.

आणि ते ज्येष्ठ सभासद: येत्या आठवड्यात त्यांच्या घरी जा, चहा घ्या, आणि हंगामात कोणकोणती कुटुंबे गावाबाहेर असतात याची यादी करायला त्यांची मदत मागा. त्यांना ते तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.